हिवाळ्यापुरते गाव

ऑक्टोबर अर्धा सरला की सिसिली बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील मरीना दि रागूझा या लहानशा गावात एक निराळीच वर्दळ सुरू होते. उन्हाळी पर्यटक केव्हाच परतलेले असतात, वाळवंटावरच्या छत्र्या मिटून गोदामात गेलेल्या असतात, आइस्क्रीमची निम्मी दुकाने बंद झालेली असतात. नेमक्या त्याच सुमारास पूर्वेकडून ग्रीसच्या आणि पश्चिमेकडून स्पेनच्या दिशेने एकेक शिडाची नौका येते आणि बंदराच्या दोन दगडी भिंतींमधून आत शिरते. कठड्याला घडीच्या सायकली बांधलेल्या असतात, मागच्या बाजूस कुंडीत बेसिलचे रोप असते, दोरीवर कपडे वाळत असतात. कुणाचा ध्वज इंग्लंडचा, कुणाचा जर्मनीचा, कुणाचा थेट न्यूझीलंडचा. ही मंडळी सहलीला आलेली नसतात. पुढचे पाच-सहा महिने त्यांचा मुक्काम येथेच असतो, आणि त्यांतील अनेकांना जमिनीवर दुसरे घर नसते.

बारा मीटर लांब आणि चार मीटर रुंद अशी नौका म्हणजे मुंबईतील लहानशा सदनिकेहूनही लहान जागा. निवृत्त झाल्यावर राहते घर विकून, त्या पैशांतून अशी नौका घेऊन, उरलेल्या रकमेच्या व्याजावर भूमध्य समुद्रात हिंडणारी कितीतरी दांपत्ये आहेत. त्यांच्यासाठी ती नौका घर असते, वाहन असते आणि आयुष्यभराच्या पुंजीचा मोठा हिस्साही तीच असते. ती हिवाळ्यात कोठे बांधायची हा प्रश्न म्हणूनच हौसेचा राहत नाही. सगळे भांडवल एकाच वखारीत ठेवायचे असेल, तर त्या वखारीचे छप्पर कसे आहे हे कोणताही शहाणा माणूस आधी पाहील.

भूमध्य समुद्राचे ऋतुमान आपल्याहून उलटे आहे. आपल्या कोकणात मृग नक्षत्राच्या सुमारास गलबते किनाऱ्यावर ओढून, वर झावळ्यांचे छप्पर घालून शाकारून ठेवीत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावरच ती पुन्हा पाण्यात लोटली जात. तेथे समुद्र उन्हाळ्यात शांत असतो आणि बंद होतो तो हिवाळ्यात. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत एकामागून एक वादळे पश्चिमेकडून येत राहतात. आफ्रिकेच्या वाळवंटावरून येणारा सिरोक्को हा दमट, उबदार वारा वाळूची तांबूस धूळ आणून डेकवर पसरवतो, आणि दक्षिणेकडे तोंड असलेल्या प्रत्येक बंदराची परीक्षा घेतो. हवामानाचे अंदाज, रडार आणि दमदार इंजिन हे सर्व हाताशी असूनही बहुतेक शहाणे नावाडी या पाच महिन्यांत समुद्रावर निघत नाहीत. हिवाळ्याचे गाव ठरवावे लागते ते असे, आणि ते ठरवावे लागते मे-जूनमध्येच, जेव्हा आकाश निळे असते आणि वादळाची आठवणही कुणाला होत नाही.

प्रथमच निवड करणारे लोक सहसा दरपत्रकापासून सुरुवात करतात. मरीना म्हणजे यॉटसाठी भिंतींनी बंदिस्त केलेले बंदर. तेथील भाडे नौकेच्या लांबी-रुंदीवर आकारले जाते. दोन सांगाड्यांच्या कॅटामरान नौकेला दीडपट किंवा त्याहून अधिक मोजावे लागते. ऑक्टोबर ते एप्रिलचा हिवाळी करार उन्हाळ्यातील एखाद्या महिन्याच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडतो, आणि काही ठिकाणी तर पूर्ण वर्षाचा करार सहा महिन्यांच्या करारापेक्षा फारसा महाग नसतो. वीज आणि पाणी मीटरप्रमाणे वेगळे. ही सारी माहिती एका संध्याकाळी गोळा होते, तिचा तक्ता मांडता येतो, आणि सर्वांत स्वस्त बंदर कोणते ते लगेच दिसते. भाव आणि किंमत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे व्यापारी घराण्यातील वाचकांना सांगायला नको. तक्त्यात भाव दिसतो. किंमत जानेवारीतल्या एखाद्या रात्री कळते.

ती कशी कळते याचे उदाहरण इटलीच्याच वायव्य किनाऱ्यावर घडलेले आहे. रापाल्लो हे गाव सुखवस्तू लोकांचे. तेथील यॉटबंदर नावाजलेले आणि महागही. २९ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री आलेल्या वादळात बंदराची बाहेरची भिंतच लाटांनी फोडली. भिंत गेल्यावर आत बांधलेल्या नौकांना कोणताही आडोसा उरला नाही. सकाळी गावकऱ्यांनी पाहिले तेव्हा शेकडो यॉट एकमेकींवर आदळून फुटलेल्या होत्या; कित्येक किनाऱ्यावरील रस्त्यापर्यंत फेकल्या गेल्या होत्या. त्यांत अब्जाधीशांच्या होत्या तशा साध्या लोकांच्याही होत्या. नंतर दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०२० मध्ये, इयानोस नावाच्या चक्रीवादळाने ग्रीसच्या इथाका, केफालोनिया आणि झाकिन्थोस या बेटांना झोडपले. उष्ण कटिबंधातील चक्रीवादळाचा हा भूमध्य अवतार. इंग्रजीत त्याला ‘मेडिकेन’ असे जोडनाव पडले आहे. ही वादळे शरद ऋतूत, समुद्र अजून उबदार असताना अधिक येतात, म्हणजे हिवाळ्याच्या मुक्कामी पोहोचण्याची घाई चाललेली असते त्याच सुमारास.

तेव्हा अनुभवी नावाडी पहिला प्रश्न भाड्याचा विचारीत नाही, भिंतीचा विचारतो. भिंतीचे तोंड कोणत्या दिशेला आहे, त्या दिशेने मोकळा समुद्र किती दूरवर पसरला आहे, भिंत पाण्यावर किती उंच आहे, तिच्या बाहेरच्या अंगाला टाकलेले काँक्रीटचे अवजड ठोकळे जागेवर आहेत की ढासळले आहेत, हे तो पाहतो. भिंत मजबूत असूनही एक शत्रू आत येतोच. बाहेरच्या लाटेचा जोर बंदराच्या तोंडातून आत शिरतो आणि पाणी संथपणे पुढे-मागे सरकू लागते. पाहणाऱ्याला त्यात भीतीदायक काही वाटत नाही, कारण फेस नसतो, आवाज नसतो. परंतु पंधरा टनांची नौका त्या पाण्याबरोबर दर काही सेकंदांनी दोन हात पुढे जाऊन दोरांना हिसका देते, आणि रात्रभरात असे हजारो हिसके बसतात. भूमध्य पद्धतीत नौका धक्क्याला आडवी लावत नाहीत. तिची पिछाडी किंवा नाळ धक्क्याकडे करतात आणि विरुद्ध टोक समुद्रतळावरील साखळीला बांधलेल्या दोराने ताणून धरतात. या दोरांचा जोर डेकवरच्या खुंट्यांवर येतो. दोर घासून तुटतात, खुंटे उपटले जातात, आणि एक नौका सुटली की ती शेजारच्या दोघींना घेऊन जाते.

म्हणून जागा ठरवायला गेलेला जाणता माणूस आधी कार्यालयात न जाता धक्क्यावरून सावकाश फिरतो आणि वर्षभर तेथेच असलेल्या नौकांचे दोर पाहतो. दोर दुहेरी आहेत का, घासण्याच्या जागी जुना रबरी पाइप किंवा कातडे गुंडाळले आहे का, मध्ये पोलादी स्प्रिंगा घातल्या आहेत का, हे सर्व बोलके असते. ज्या धक्क्यावर सर्वांनीच जाडजूड स्प्रिंगा लावल्या आहेत तेथे त्या हौसेने लावलेल्या नसतात. कार्यालयातील तरुण हसून सांगतो, येथे पाणी तळ्यासारखे शांत असते. स्प्रिंगा काय ते खरे सांगतात.

भिंतीनंतर वीज. हिवाळ्यात नौकेवर राहणे म्हणजे थंडीपेक्षा ओलाव्याशी झुंज. श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ थंड भिंतींवर दवासारखी जमते, गाद्यांच्या खालच्या बाजूला बुरशी धरते, कपाटातील कोट हिरवे होतात. आर्द्रता शोषणारे यंत्र दिवसभर आणि हीटर संध्याकाळी, एवढे तरी लागतेच. आता धक्क्यावरील जोडणी १६ अँपिअरची असेल तर २३० व्होल्टला साधारण ३,६०० वॅट मिळतात. २,००० वॅटचा हीटर आणि चहाची किटली एकदम लावली तरी काम कसेबसे भागते. काही जुन्या बंदरांत मात्र सहाच अँपिअर मिळतात, म्हणजे जेमतेम १,४०० वॅट. तेथे एका हीटरची बातच नको. दरपत्रकात दोन्ही ठिकाणी ‘वीज उपलब्ध’ एवढेच लिहिलेले असते. त्यातच धक्क्याच्या विजेला जोडलेल्या शेजारच्या नौकांमधून पाण्यात सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि बुडाशी लावलेले जस्ताचे तुकडे झिजवतो. ते जस्त त्यासाठीच लावलेले असते, पंख्याच्या आणि दट्ट्याच्या मौल्यवान धातूऐवजी त्याने झिजावे म्हणून. ते संपले की पुढचा क्रम या धातूचाच. सहा महिने एका जागी राहणाऱ्याला हा खर्च ध्यानात ठेवावा लागतो.

परंतु गेल्या काही वर्षांत या साऱ्याच्या वर एक वेगळाच हिशेब येऊन बसला आहे, आणि तो पैशांचा नाही, दिवसांचा आहे. युरोपातील शेंगेन करारातील देशांत बाहेरच्या देशाच्या नागरिकाला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. ब्रिटिश नावाड्यांना पूर्वी याची फिकीर नव्हती. १ जानेवारी २०२१ पासून तेही बाहेरचे झाले. एखाद्या इंग्रज दांपत्याने १ जुलैपासून २८ सप्टेंबरपर्यंत ग्रीस आणि इटलीच्या किनाऱ्यांवर उन्हाळा घालवला, तर जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१ आणि सप्टेंबरचे २८ मिळून त्यांचे ९० दिवस संपले. आता २९ सप्टेंबरपासून २७ डिसेंबरपर्यंत त्यांनी बाहेर राहिले पाहिजे. २८ डिसेंबरला जुलैचा पहिला दिवस हिशेबातून गळतो, आणि त्यांना पुन्हा आत येता येते. तेथून पुढे जुने दिवस एकेक करून गळत जातात, म्हणून २७ मार्चपर्यंत ९० दिवस पुरतात. हिशेब सोपा आहे. त्यातले संकट असे की बाहेर राहायचे ते तीन महिने नेमके वादळांचे.

पूर्वी पुष्कळ जण घड्याळ थांबवण्यासाठी क्रोएशियात जात. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशियाही शेंगेनमध्ये आला आणि तो दरवाजा बंद झाला. १२ ऑक्टोबर २०२५ पासून पारपत्रावरील शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद घेणारी संगणकीय पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली. शिक्का पुसट झाला होता, ही सबब तेव्हापासून संपली. दिवस उलटून गेल्यास दंड होतो, प्रवेशबंदीही होऊ शकते. भारतीय पारपत्रधारकालाही अल्पकालीन व्हिसावर हीच ९० दिवसांची मर्यादा आहे. शिवाय व्हिसावर त्याहून कमी दिवस लिहिलेले असतील तर तेवढेच खरे. अधिक काळ राहायचे तर इटलीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा काढावा लागतो. त्यांपैकी निवृत्तांसाठी जो प्रकार आहे त्यात घरबसल्या येणारे उत्पन्न दाखवावे लागते, नोकरी करता येत नाही, आणि राहत्या जागेचा पुरावा मागितला जातो. धक्क्याची पावती त्या जागी चालेलच असे मानून चालता येत नाही. ज्यांचे घर तरंगते आहे त्यांना घर असल्याचा पुरावा देताना भाड्याची खोली घ्यावी लागावी, हा विनोदच म्हणायचा.

माणसांचे घड्याळ एक आणि नौकेचे दुसरे. युरोपीय संघाबाहेरील मालकाची नौका तेथे कर न भरता १८ महिने राहू शकते. त्या मुदतीत ती संघाबाहेर नेऊन आणली तर मुदत नव्याने सुरू होते. माणसे विमानाने गेली तरी नौका राहू शकते, एवढी सवड या नियमात आहे.

या दोन घड्याळांच्या आणि भिंतीच्या मध्ये निवड करायची. मध्य भूमध्य समुद्रात तिचे तीन-चार पर्याय नेहमी चर्चेत येतात. रागूझापासून पन्नासएक सागरी मैलांवर माल्टा आहे. इंग्रजी चालते, रुग्णालये चांगली, विमाने भरपूर, दगडी शहर असे की पाहत राहावे. पण जागा महाग आणि दुर्मीळ, शहर दाटीचे, आणि ईशान्येचा ग्रेगाले वारा सुटला की तेथील काही खाड्यांत पाणी अस्वस्थ होते. शिवाय माल्टा शेंगेनमध्येच आहे. पश्चिमेला, रागूझापासून सुमारे दोनशे सागरी मैलांवर, ट्युनिशियातील मोनास्तिर. बंदर अगदी शहरात, आठव्या शतकातील तटबंदीच्या सावलीत. खर्च कमी, भाजी ताजी, विमानतळ जवळ, आणि शेंगेनचे घड्याळ थांबलेले. युरोपीय संघाबाहेर असल्याने नौकेचेही काम होते. मात्र नौकेचे सुटे भाग मागवायचे झाल्यास जकातीच्या खेपा घालाव्या लागतात, आणि भाषा फ्रेंच किंवा अरबी. फार पूर्वेला तुर्कस्तानातील फिनिके. मागे बर्फाच्छादित डोंगर, भोवती संत्र्यांच्या बागा. तेथे निवास परवाना घेऊन वर्षभर राहणारे पुष्कळ होते. अलीकडे त्या परवान्याच्या अटी कडक झाल्या आहेत. सिसिलीच्याच किनाऱ्यावर पश्चिमेला लिकाता आहे. बंदराला लागूनच मोठी बाजारपेठ असल्याने पावसात पिशव्या घेऊन लांब जावे लागत नाही. ही सोय तरुणांना क्षुल्लक वाटते. सत्तरीच्या जोडप्याला ती निर्णायक ठरू शकते.

मग मरीना दि रागूझात लोक का येतात? हे बंदर २००९ मध्ये सुरू झाले, म्हणजे नवेच. उणिवा आहेत. तोंडाशी वाळू साचते, आणि ती वेळोवेळी उपसावी लागते. मोठ्या बुडाच्या नौकांनी आत येण्यापूर्वी खोलीची चौकशी केल्याशिवाय राहू नये. गावात रेल्वे नाही. वर डोंगरावरचे रागूझा शहर सुमारे पंचवीस किलोमीटरवर, आणि हिवाळ्यात रविवारी बसची वाट पाहणे हा संयमाचा अभ्यास ठरतो. डिसेंबरात गावातील निम्म्या खिडक्यांची झडपे बंद असतात, किनाऱ्यावरचा सुंदर फेरफटक्याचा रस्ता ओस पडतो. केवळ सौंदर्यावर निवड करणारा माणूस येथे पंधरा दिवसांत कंटाळेल.

परंतु हे गाव मूळचेच मालाच्या चढउताराचे. पूर्वी त्याचे नाव माझ्झारेल्ली होते, आणि रागूझाच्या खाणींतील डांबरयुक्त दगड येथून गलबतांत भरून युरोपातील शहरांच्या रस्त्यांसाठी जात असे. दुसरा माल म्हणजे कॅरबच्या शेंगा. रागूझाच्या पठारावर दगड रचून केलेल्या पांढऱ्या कुंपणांच्या मधे गर्द पानांची ही झाडे आजही उभी आहेत. या शेंगेच्या बीला ग्रीक भाषेत ‘केरातिओन’, म्हणजे लहानसे शिंग, असे नाव होते. तोच शब्द फिरत फिरत हिऱ्यांच्या बाजारात ‘कॅरट’ होऊन बसला. सगळ्या बिया एकाच वजनाच्या असतात हा जुना समज काही खरा नाही, त्या इतर बियांइतक्याच लहानमोठ्या भरतात. १९०७ मध्ये कॅरट २०० मिलिग्रॅम असा ठरला आणि बियांची जबाबदारी संपली. पण ज्या घरांत तीन पिढ्या कॅरटचा हिशेब झाला आहे, त्या घरातील माणसाने या झाडाखाली क्षणभर थांबून एक शेंग फोडून पाहावी, इतका त्याचा मान आहे.

वर रागूझा शहर आणि त्याचे जुने अंग इब्ला. ११ जानेवारी १६९३ च्या भूकंपात हा सारा प्रदेश जमीनदोस्त झाला. त्यानंतर लोकांनी अर्धे शहर वरच्या पठारावर नव्याने वसवले, आणि ज्यांना जुनी जागा सोडवेना त्यांनी खालचे इब्ला त्याच ढिगाऱ्यांवर पुन्हा उभारले. रोझारिओ गाल्यार्दी या वास्तुकाराने तेथे बांधलेले सान जॉर्जो चर्च उंच पायऱ्यांवरून थोडे तिरपे होऊन चौकाकडे पाहते. या परिसरातील अशी आठ शहरे २००२ मध्ये जागतिक वारसा ठरली. शेजारच्या मोदिका गावी चॉकलेट करतात ते दुधाशिवाय, आणि इतक्या कमी आंचेवर की साखर विरघळत नाही. दाताखाली ती खडीसाखरेसारखी कुरकुरते. शाकाहारी घराला या भागात उपाशी राहण्याचे कारण नाही. किनाऱ्याच्या मागे व्हित्तोरियापर्यंत भाजीपाल्याची काचघरे आणि प्लास्टिकची शेते पसरली आहेत. जानेवारीतही टोमॅटो, वांगी, बडीशेपेचे पांढरे गड्डे, रक्तवर्णी संत्री आणि नुकतीच केलेली, वाफाळणारी रिकोत्ता बाजारात मिळते.

तरीही लोक पुन्हा पुन्हा येथे येतात ते चर्चसाठी नव्हे, संत्र्यांसाठीही नव्हे. ते येतात कारण येथे हिवाळ्यात माणसे राहतात. हा मुद्दा कोणत्याही दरपत्रकात नसतो. कित्येक सुंदर, सुरक्षित, स्वस्त बंदरांत नोव्हेंबरनंतर पाचशे नौका असतात आणि दिवा एकाच नौकेत लागतो. त्या नौकेतील दोघे एप्रिलपर्यंत एकमेकांशीच बोलत राहतात. रागूझात अनेक नौकांमध्ये दिवे लागतात. सकाळी ठरलेल्या वेळी रेडिओवर सगळे एकमेकांची खबरबात घेतात: हवामान कसे, कुणाला विमानतळावर जायचे आहे, कुणाकडे जादा पंप आहे, आज इटालियनची शिकवणी आहे की नाही. रविवारी एकत्र जेवण होते, कुणी गिटार आणते, कुणी शिवणयंत्र बाहेर काढून शेजाऱ्याचे फाटके शीड शिवून देते. फुकट कुणी मागत नाही. पंप दुरुस्त करणाऱ्याला केक मिळतो, आणि शीड शिवणारीला तिच्या इंजिनाचे तेल बदलून मिळते. ही वही कुणी लिहीत नाही, पण ती बरोबर जुळते.

आणि ती केवळ गोड गोष्टींपुरती नसते. हिवाळ्यात नौकेवर राहणारे बहुतेक जण साठीच्या पुढचे. रात्री दोन वाजता एकाच्या छातीत कळ आली, तर दुसऱ्याने काय करायचे? परक्या भाषेत फोन करायचा, बंद फाटकाची किल्ली शोधायची, आणि हलत्या धक्क्यावरून, हातभर रुंदीच्या फळीवरून माणसाला स्ट्रेचरवर उतरवायचे. चार जोडी हात लागतात. रागूझा शहरात मोठे रुग्णालय आहे खरे, पण तेथपर्यंतचे पहिले वीस मीटर शेजाऱ्यांच्या बळावरच पार होतात. म्हणूनच जागेची चौकशी करताना जाणते लोक कार्यालयात एक प्रश्न आवर्जून विचारतात: गेल्या हिवाळ्यात किती नौकांवर माणसे राहत होती? उत्तर चाचरत आले, तर ते आभार मानून पुढच्या बंदराकडे निघतात.

वर उल्लेखिलेल्या दांपत्यापुढे अखेर दोन वाटा उरतात. एक, सप्टेंबरअखेरीस मोनास्तिरला जाऊन तेथेच हिवाळा काढायचा. दुसरी, नौका रागूझात बांधून ठेवायची, तीन महिने मायदेशी मुलीच्या घरी पाहुणे म्हणून राहायचे आणि २८ डिसेंबरला परत यायचे. पहिल्या वाटेने पैसे वाचतात आणि नौका डोळ्यांसमोर राहते. दुसऱ्या वाटेने नोव्हेंबरच्या सिरोक्कोत नौकेचे दोर दुसऱ्या कुणाला तरी पाहावे लागतात. बऱ्याच जणांचा कौल दुसरीकडे जातो, आणि तो आंधळेपणाने जात नाही. आधीच्या हिवाळ्यात त्यांनी शेजाऱ्याचे दोर पाहिलेले असतात. रात्री उठून, पावसात, विजेरी घेऊन, घासलेल्या जागी नवे कातडे बांधलेले असते. ती बाकी शेजाऱ्याकडे जमा असते.

विमान कोमिझोला उतरते. ऐंशीच्या दशकात हा विमानतळ अमेरिकी क्षेपणास्त्रांचा तळ होता, २०१३ मध्ये तो प्रवाशांसाठी खुला झाला. आज तेथून तासाभरात बंदर गाठता येते. धक्क्यावर कुणीतरी वाट पाहत असते, नौकेतला हीटर आदल्या दिवशीच लावून ठेवलेला असतो, मेजावर संत्र्यांची पिशवी असते. डावीकडच्या पुढच्या दोराला नवा दोर जोडलेला दिसतो. जुना गुंडाळून, घासलेली जागा वर दिसेल अशी, मुद्दाम समोर ठेवलेला असतो.

मार्च उजाडला की पठारावर बदामाची झाडे मोहोर गाळून हिरवी होऊ लागतात आणि धक्क्यावर रंगाचा वास पसरतो. प्रथम निघतात ते दिवस संपत आलेले लोक. २७ तारखेला पहाटे, वारा पडलेला असताना, इंग्रज दांपत्याची नौका सुटते. शेजारी नाइट गाउनवर कोट चढवून धक्क्यावर उभे राहतात, पिछाडीचा शेवटचा दोर खुंट्यावरून सोडवतात, गुंडाळतात आणि डेकवर फेकतात. ऑक्टोबरात पुन्हा हाच धक्का, हीच जागा, असे कार्यालयात आधीच लिहून दिलेले असते. नौका भिंतींच्या मधून बाहेर पडताना सुकाणूवरचा माणूस खोली मोजणाऱ्या यंत्राकडे पाहत असतो, कारण हिवाळ्यात तोंडाशी वाळू पुन्हा साचलेली आहे.